वळणात उचललेला पाय

बेळगावात, माझ्या अनगोळच्या घरामागे तोंडल्याचा एक वेल आहे. तो ज्या लोखंडी दांड्यावर चढला आहे, त्या दांड्याबद्दल मला आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही कुणापाशी तोंड उघडलं नाही. दांडा काळा आहे, चांगला जाड आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बोल्टची भोकं आहेत. वेलाच्या आधाराला भोकं कशाला लागतात, असं एखाद्याच्या मनात यायला हरकत नव्हती. पण माझ्या परसात येतं कोण? दूधवाला येतो, तो पुढच्या दारातूनच परत जातो. म्हणून आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

सांगायला बसलो की मी आधी शास्त्र सांगायला लागतो — ही माझी जुनी खोड. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो मी. कुठलीही गोष्ट फळ्यावर बाणांनी काढून दाखवली की ती आपल्या हातून घडलेली नाही, निसर्गनियमानं घडलेली आहे, असं वाटायला लागतं. फार सोयीचा विषय आहे. तरी थोडं शास्त्र सांगावंच लागेल, कारण माझं खोटं त्यातच लपलेलं आहे.

आधी माणसं सांगतो. यल्लाप्पा — सगळे यल्लूच म्हणतात — माझा शाळेपासूनचा मित्र. एकुलता एक मित्र म्हणा, उगीच फुगवून काय सांगायचं. वडगावात त्यांचं घर, आणि घरातच माग. साड्यांचे पॉवरलूम. मी पुस्तकांत राहिलो, तो मागावर राहिला. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यानं मला ‘मास्तर’ म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. त्याची थोरली बहीण, तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्कानं दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहून यल्लूला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, आणि स्वतःचं तेवढं राहून गेलं. माझंही राहून गेलं, पण त्याला काही असं थोर कारण नाही. माझी आई गेल्यावर दर रविवारी दुपारचं जेवण मी त्यांच्याच घरी घेत आलो आहे. कुणी बोलावत नाही. ताट वाढलेलं असतं.

आणि गाडी. आम्हा दोघांना एकच वेड — गाडी चालवण्याचं. वापरलेली, लाल रंगाची, लहान अंगाची पण इंजिन मोठ्या मस्तीचं असलेली एक गाडी आम्ही भागीत घेतली. गाडीवेडे असल्या गाडीला हॉट हॅच म्हणतात. वडगावच्या गल्लीत ती मावायची नाही, म्हणून माझ्या दारात उभी असायची. पण अमावास्येला ती यल्लूची. आमच्याकडे विणकरांचे माग अमावास्येला बंद असतात. महिन्यातला तेवढाच एक दिवस त्या घरात खडखडाट नसतो. त्या दिवशी यल्लू आक्काला मागच्या नाही, पुढच्याच सीटवर बसवून कुठं कुठं फिरवून आणायचा. लोंढ्याच्या रानातून, खानापूरच्या भातशेतांतून. आक्का म्हणायची, मला दुसरं काय नको, खिडकी उघडी ठेव.

रविवारी सकाळी मात्र आम्ही तिघं जायचो खानापूर रोडला. तिथं घरांच्या प्लॉटांचं एक नवीन लेआउट पडलं होतं. डांबरी रस्ते झालेले, दिव्याचे खांब उभे, पण घर एकही नाही. त्या रस्त्यांचं एक छान वेटोळं होतं, चढउतार आणि दोन अवघड वळणं असलेलं. आधी यल्लू एक फेरी मारणार, मग मी. आक्का रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या कठड्यावर बसून मोबाइलवर वेळ लावायची, मांडीवर भाकरीचं फडकं. फेरी संपली की ती आकडा वाचायची नाही, नुसतं नाव सांगायची. यल्लूच पुढं. यल्लूच पुढं. यल्लूच.

आता आलं शास्त्र. आमच्या गाडीची पुढचीच चाकं गाडी ओढतात, तीच वळतात, आणि इंजिनाचं ओझंही तीच वाहतात. एका माणसाला तीन कामं. वेगात वळण घ्यायला गेलं की ती थकतात, पकड सोडतात, आणि स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडीचं नाक सरळ बाहेरच पळतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. माझं दर वेळी हेच व्हायचं. मी जोर लावायचो, आणखी फिरवायचो, गाडी आणखी बाहेर. यल्लूचं होत नसे. नाक बाहेर जातंय असं वाटलं की तो अॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलायचा. बस, एवढंच. पाय उचलला की वजन पुढं येतं, पुढच्या चाकांना पकड मिळते, नाक आत येतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मागावर धागा ताणला की हात आपोआप सैल करतो ना माणूस, तसं करत असेल. मी हे फळ्यावर सांगू शकत होतो. तो ते करत होता.

तुम्हाला वाटेल, मित्र जिंकला तर बिघडलं काय? मलाही तसंच वाटायचं, निदान मी स्वतःला तसं सांगायचो. मी हसायचो, टाळ्या द्यायचो, भाकरी खायचो. पण घरी येऊन एकटा बसलो की मला ते ‘यल्लूच पुढं’ ऐकू यायचं. आयुष्यात मी त्याच्यापुढं कशात होतो? त्याच्याकडं बायको होती, पाळण्यातून नुकतीच उतरलेली पोर होती, वाट बघणारी बहीण होती. माझ्याकडं पदवी होती. आणि यल्लू नि आक्का मला ‘मास्तर’ म्हणायची ते प्रेमानं, हे कळत असूनही मला त्यात चिडवणं ऐकू यायला लागलं. एकटा माणूस फार ऐकतो हो. नसलेलंसुद्धा.

मग मी वाचायला लागलो. नाक बाहेर पळू नये म्हणून काय करावं? एक उपाय असा की पुढची पकड वाढवा. दुसरा असा की मागची थोडी कमी करा. मागचं शेपूट जरा मोकळं झालं की गाडी वळायला तयार होते. मागच्या आसाला एक जाड दांडा बसवतात — गाडीचं अंग वळणात कलतं ते तो अडवतो, आणि तसं करताना मागच्या चाकांची पकड थोडी चोरतो. चोरतो हाच शब्द बरोबर आहे.

कॉलेजला सुट्टी होती. मी कोल्हापूरला गेलो, कारण बेळगावात कुणी बसवला असता तर यल्लूच्या कानावर गेलं असतं. दांडा बसवून घेतला. येताना पुढं नवे, मऊ, चिकट टायर टाकले आणि पुढचे झिजलेले मागं लावले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या भागात सगळे असंच करतात — ओढतात पुढची चाकं, मग नवं तिकडंच. टायरवाल्यानं विचारलंसुद्धा नाही, सवयीनं लावून दिले. पण मला माहीत होतं. ओल्या रस्त्यावर झिजलेलं टायर आधी तरंगतं; आणि आधी तरंगणारं टायर मागं असलं तर शेपूट पुढं यायला बघतं. वर तो दांडा. कोरड्यात ही गाडी मजेदार होती. ओल्यात, वळणात, पाय उचलला तर? हे गणित मी मनात सोडवून बघितलं होतं. मला उत्तर आलं होतं.

त्या रविवारी मी आधी गेलो. पाय अजिबात उचलायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पाय दाबून ठेवला की गाडी रुळावरून चालल्यासारखी वळत होती. काय सुख होतं ते! मग यल्लू गेला. पहिल्या वळणात नेहमीसारखा त्यानं पाय जरा उचलला, आणि मी मोरीवरून बघितलं — गाडीचं शेपूट झटक्यानं हललं. त्यानं सावरलं, पण गडबडला. उरलेली फेरी त्यानं भीत भीत मारली. आक्कानं मोबाइलकडं बघितलं, परत बघितलं, आणि टाळ्या वाजवत म्हणाली, “आज मास्तर पुढं!”

यल्लू उतरला. मला मिठी मारली त्यानं. खोटं नाही सांगत, मनापासून मारली. मग गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, गाडी मागनं मोकळी मोकळी वाटालीय. काय केलास काय रं हिला?”

इथं थांबू या जरा. कारण त्यानं विचारलं होतं. तुम्ही म्हणाल, सांगायचं राहून गेलं असेल, संधी मिळाली नसेल. नाही. त्यानं सरळ, माझ्या तोंडाकडं बघत विचारलं. सांगितलं असतं तर तो हसला असता, शिव्या घातल्या असत्या, आडवा होऊन गाडीखाली बघितलं असतं, आणि दुसऱ्या फेरीत मला हरवलं असतं. एवढंच झालं असतं. एका रविवारचं नाव गेलं असतं माझं.

मी म्हणालो, “पुढं नवीन टायर टाकलेत, म्हणून वाटत असेल.”

“व्हय?” तो म्हणाला. मग स्वतःच्या हातांकडं बघून हसला. “म्हंजे माझाच हात गेला म्हणायचा. तू लई सुधारलास बघ.”

आणि मला बरं वाटलं. खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही तेव्हा. त्याच्या हाताबद्दल त्याला शंका आली, याचं बरं वाटलं. ही माझी खरी कबुली. पुढचं जे सांगणार आहे ते याच्यामुळं झालं, पण लाज वाटते ती या बरं वाटण्याची.

पुढची अमावास्या भर पावसाळ्यात आली. निपाणीला त्यांची आत्या आजारी होती, तिला बघायला जायचं ठरलं. सकाळी यल्लू किल्ली न्यायला आला. फाटकाशी आक्का छत्री घेऊन उभी होती, हातात पिशवी, पिशवीत स्वतः विणलेली साडी. जांभळ्या काठाची — मला दाखवलीसुद्धा तिनं, पिशवीचं तोंड उघडून. पाऊस बारीक होता, थांबायचं नाव घेत नव्हता. मी ओल्या रस्त्याकडं बघितलं. मागच्या टायरांकडं बघितलं. मी किल्ली दिली. काय म्हणालो माहीत आहे? “सावकाश जा.”

सावकाश जा. सगळेच म्हणतात. त्यात काही सांगितल्यासारखं होत नाही, आणि काही लपवल्यासारखंही होत नाही.

निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट आहे. बेळगावहून जाताना तो उताराचा. यल्लू जोरात नव्हता. आक्का बाजूला असली की तो कधीच जोरात जायचा नाही. उजवीकडच्या एका वळणात पुढं एक ट्रक रेंगाळताना दिसला, आणि यल्लूनं तेच केलं जे तो नेहमी करायचा, जे कुठलाही शहाणा माणूस करील. पाय उचलला. शेपूट गेलं. गाडी गरकन फिरली आणि डाव्या अंगानं कठड्यावर जाऊन आदळली. डावीकडं आक्का होती, खिडकी उघडी ठेवून.

आक्का वाचली. मांडीचं हाड आणि खुबा, दोन्ही गेले. हाडात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण फार वेळ उभं राहता येणार नाही. यल्लूला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता, आणि मी धावत गेलो तेव्हा त्यानं माझा हात धरला. लहान पोरासारखा धरला.

“सांग की रं मास्तर, कुठं चुकलं माझं? मी फक्त पाय उचललो रं. बिरेकबी मारलो न्हाय.”

दुसऱ्यांदा विचारत होता तो मला.

मी काय केलं? मी शिकवलं. बाकाच्या रेक्झिनवर बोटानं गाडी काढून दाखवली. हे पुढचं टोक, हे मागचं. वळणात पाय उचलला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात, पकड सुटते. एक शब्द खोटा नव्हता त्यात. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. “वळणात पाय उचलायचा नसतो, यल्लू,” मी म्हणालो. हळू आवाजात, समजुतीच्या सुरात. आणि वर म्हणालो, “कुणाचंही झालं असतं.”

तो मान डोलावत राहिला. ज्या एका हालचालीनं तो मला इतकी वर्षं हरवत होता, तीच त्याची चूक होती, हे त्याला पटलं. मास्तरनं सांगितलं म्हटल्यावर न पटून कसं चालेल?

गाडी उद्यमबागेतल्या एका गॅरेजात ओढून आणली होती. यल्लू दवाखान्यातून हलायला तयार नव्हता, म्हणून बघायला मीच गेलो. दुपारची जेवणाची वेळ होती, मिस्त्री डबा खायला पलीकडं गेले होते, गाडी स्टँडवर चढवलेली. मी खाली सरकलो आणि दांडा सोडवला. वर एक वाकलेला पत्रा होता, त्यानं हात कापला, तरी सोडवला. पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आडवा टाकून घरी नेला. यल्लू दोन दिवसांनी आला, गाडीभोवती एकदा फिरला, खाली वाकूनसुद्धा बघितलं त्यानं. बघायला काहीच उरलं नव्हतं. माझ्या हाताची पट्टी बघून म्हणाला, “तुलाबी लागलं व्हय रं, माझ्यापायी.”

त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी विकली. गल्लीतले लोक म्हणाले, अमावास्येला बाहेर पडलात, तेच भोवलं. मला खरं तर ते चाललं असतं. अमावास्येवर ढकललं असतं तर निदान त्याच्या डोक्यावरून उतरलं असतं. पण यल्लू ऐकेना. अमावास्येचं काय न्हाय, माझाच पाय वाईट, असं तो ज्याला त्याला सांगायचा. आक्काचा माग सुटला. दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहणं तिला जमेना, म्हणून आता ती खाली खुर्चीवर बसून कांड्या भरते — आडव्या धाग्याच्या नळ्या, ज्या पूर्वी तिला दुसरं कुणी तरी भरून द्यायचं. तिनं भावाला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. त्याला ते जास्त लागलं.

आणि मी? मी रविवारचं जेवण सोडलं नाही. आधी वाटलं, जाऊ नये. मग वाटलं, नाही गेलो तर का येत नाही म्हणून विचारतील. मग सवय झाली. दांडा मात्र टाकवेना. भंगारवाल्याला द्यायला काढला की त्यानं भोकं बघून काही विचारलं तर, अशी भीती वाटायची. शेवटी वेल लावला. तोंडली भरपूर येतात, एकट्याला किती लागतात? मी पिशवी भरून आक्काला नेऊन देतो. ती म्हणते, मास्तरांच्या तोंडल्याला चव आहे. मी तिच्या पंगतीत बसून ती भाजी खातो.

तुम्हाला वाटत असेल की इतक्या वर्षांत सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. कितीदा तरी तोंडापर्यंत आलं. पण सांगितलं तर रविवारचं ताट जाईल, हे मला दिसायचं. त्या घराशिवाय मला घर नाही. आणि त्या घरात बसलेलो असतो तेव्हा मी जितका एकटा असतो तितका माझ्या रिकाम्या घरातही नसतो. सगळे हसत असतात, माग खडखडत असतात, आणि मी घास मोजून चावत असतो की चेहऱ्यावर काही दिसू नये. जे वाचवायला गप्प बसलो ते माझं कधीच राहिलं नाही, हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही.

हे असंच चालून गेलं असतं. पण यंदा यल्लूची पोर, दीपा, नोकरीला लागली आणि तिनं हप्त्यांवर छोटी गाडी घेतली. यल्लू माझ्याकडं आला. घरी आला, अनगोळला, बसनं. म्हणाला, “पोरीला तूच शिकीव. वळणात पाय उचलायचा न्हाय ते पैलं सांग. माझ्यासारखं नको व्हायला.”

मी शिकवलं. त्याच लेआउटमध्ये. तिथं आता घरं झाली आहेत, मोरीवर कुणी तरी कुंड्या ठेवल्या आहेत. मी दीपाच्या बाजूला बसून तिच्या बापाची चूक तिला शिकवली. ती हुशार आहे, आणि हात बापाचा आहे. चार दिवस माझं ऐकलं, मग एकदा वळणात तिचा पाय आपोआप सैल झाला. गाडी शांतपणे आत आली. तिनं माझ्याकडं बघितलं.

“काका, पाय सोडला की गाडी आतच येती की. मग आप्पांची का फिरली?”

तिसऱ्यांदा. या घरातलं माणूस मला तिसऱ्यांदा विचारत होतं. आणि आता तर लपवण्यासारखं काय उरलं होतं? माझं वय झालं, ती शर्यत संपली, गाडी कुठल्या भंगारात गेली कोण जाणे.

“पाऊस होता ना त्या दिवशी,” मी म्हणालो.

मागच्या महिन्यात निपाणीला आत्याच्या घरी कार्य होतं. दीपा म्हणाली, मी नेते सगळ्यांना. यल्लू नको म्हणत होता, पण आक्कानं ठरवलं. काठी टेकत आली आणि पुढच्याच सीटवर बसली, खिडकी उघडी ठेव म्हणाली. यल्लू आणि मी मागं. आकाश भरून आलं होतं, आणि संकेश्वर सोडल्यावर बारीक पाऊस सुरू झाला. तवंदी जवळ आला तसं यल्लूनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते.

तेच उजवं वळण. पुढं ट्रक नव्हता, रस्त्यात बाजूनं चाललेला एक मोटारसायकलवाला होता, पावसात वाकलेला. दीपानं त्याला बघितलं आणि पाय उचलला. मला कळलं, इंजिनाचा आवाज उतरला. यल्लूलाही कळलं, त्याचं सगळं अंग आखडलं. गाडीनं नाक जरा आत घेतलं, मोटारसायकलला मागं टाकलं, आणि उतरत राहिली. बस. काही झालं नाही. दीपाच्या लक्षातही आलं नसेल की काही झालं असतं.

यल्लूनं डोळे उघडले. मान वळवून मागं पडलेल्या त्या कठड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळला. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होता.

“बघितलास मास्तर? तीच जागा, तसाच पाऊस. पोरीनं पाय उचलला, तरी काय झालं न्हाय. म्हंजे तू उगंच माझी समजूत घालत हुतास, कुणाचंबी झालं असतं म्हणून. माझा हातच वाईट रं. आक्काचा पाय मीच घालवलो.”

“गप रं यल्लू,” आक्का पुढून म्हणाली, मागं न बघता. “किती वर्सं तेच तेच.” तिनं हात मागं केला. त्यानं तो धरला.

मी त्या दोघांच्या शेजारीच, अगदी हाताच्या अंतरावर बसलो होतो. निपाणी येईपर्यंत वाट होती, वेळ होता, पाऊस होता, आक्काची सोडून सगळ्या काचा बंद होत्या, कुणी उतरून जाणार नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कार्य झालं, जेवणं झाली. परत येताना दीपानं मला आधी अनगोळला सोडलं. यल्लू उतरून फाटकापर्यंत आला, माझा खांदा दाबून म्हणाला, पोरीला चांगली शिकीवलास, लई उपकार झाले.

दांडा मी बसवला होता. यल्लूचा हात चांगला होता, माझ्यापेक्षा तर फारच चांगला, आणि त्या दिवशी त्यानं वळणात जे केलं ते बरोबर होतं. हे ज्याला सांगायला हवं होतं तो फाटकाशी माझ्यासमोर उभा होता. मी त्याला म्हणालो, सावकाश जा.